दोनशे अडतीस मुळे

आमच्या परसात आजोबांच्या हातचा एक रायवळ आंबा होता. एका वर्षी त्याची पूर्वेकडची फांदी वाळली, पुढल्या वर्षी दुसरी. मी पडलो शाळामास्तर. चूक दिसली की लाल शाईने खोडायची, एवढेच ठाऊक! वाळक्या फांद्या तोडल्या, तोंडांना शेणमाती लिंपली आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या पावसाळ्यात झाड उभेच्या उभे कोसळले. पाहतो तो, वाळवीने मुळांचा भुसा केलेला! रोग होता खाली आणि मी औषध करीत होतो वर.

पुढे जपानातली एक हकीकत वाचनात आली आणि ती जखम पुन्हा ठसठसली.

जपानच्या गिफू प्रांतात नेओ नावाचे डोंगरी खोरे आहे. १८९१ च्या प्रचंड भूकंपात इथली जमीन दुभंगली होती. या खोऱ्यात चेरीचा एक पुरातन वृक्ष आहे. त्याचे वय दीड हजार वर्षे सांगतात. सम्राट केइताइने तो लावला, अशी लोककथा आहे. कळी फिकट गुलाबी, उमललेले फूल पांढरे आणि गळताना पाकळीवर पुसट शाईची छटा. म्हणून त्याला ‘उसुझुमी’, म्हणजे फिकी शाई, असे म्हणतात. १९२२ साली सरकारने त्याला संरक्षित वृक्षाचा मान दिला. पण मानाने का आयुष्य वाढते? बर्फाच्या भाराने खोडाला चीर गेलेली, फांद्या वाळत चाललेल्या. १९४८ साली जाणकारांनी निदान केले : दोनतीन वर्षांचा सोबती!

१९४९ च्या वसंतात माएदा तोशियुकी नावाचे गृहस्थ पुढे सरसावले. पेशाने दंतवैद्य! दात हलू लागला की हिरडी तपासणारा हा माणूस. त्याने फांद्या सोडून मुळे उकरली, यात नवल ते काय? जुनी मुळे कुजलेली, वाळवीने खाल्लेली. मेलेला भाग त्यांनी साफ केला आणि रानचेरीची कोवळी मुळे आणून एकेक करून त्या वृद्धाला कलम केली. आपण कलम बांधतो ते फांदीचे. यांनी बांधले मुळांचे. सालीखालचा जिवंत थर थराला भिडला की सांधा जुळतो, आणि रस वर चढू लागतो. अशी मुळे किती? २३८! वृक्षाला पुन्हा पालवी फुटली.

जपानी मेपलचेही असेच. हिरवीगार फांदी भर उन्हाळ्यात एकाएकी मान टाकते, तेव्हा पुष्कळदा मातीतली बुरशी मुळांवाटे आत शिरलेली असते.

१९५९ च्या वादळाने उसुझुमीच्या फांद्या पुन्हा मोडल्या. या खेपेला धावून आल्या उनो चियो या कादंबरीकर्त्या. त्यांनी झाडाविषयी लिहिले, राज्यपालांना साकडे घातले आणि त्याची निगा पुन्हा सुरू झाली. आजही दर वसंतात ते झाड फुलते.

माझा आंबा काही परत येणार नाही. पण आता वर्गात एखादा पोरगा कोमेजलेला दिसला, की मी लाल शाई बाजूला ठेवतो आणि संध्याकाळी त्याच्या घरावरून एक चक्कर टाकून येतो.