सोसणारा एक

कुमारवाचकांसाठीच्या डिस्टोपियन कादंबऱ्यांत एक सौदा हटकून भेटतो: कुणा एकानं सोसायचं, म्हणजे बाकीच्यांचं सुरळीत चालेल. त्याची आधुनिक वंशावळ रशियापासून मांडता येते.

दस्तयेवस्कीच्या ‘कारामाझोव बंधू’त (१८८०) इव्हान धाकट्या भावाला पेचात धरतो. साऱ्या माणसांना कायमचं सुख मिळेल, पण त्यापायी एका लहानग्याचा छळ करावा लागेल. तू तयार होशील? अल्योशा नाही म्हणतो. १८९१मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं असाच सौदा निबंधात मांडला. लाखोंचं सुख एका जिवाच्या यातनांवर तोललं, तर हिशेब जुळूनही आपल्याला शिसारी येते. मग नीती म्हणजे नुसती सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी कशी?

१९७३मध्ये अर्सुला ले ग्विननं त्यावर कथा लिहिली आणि उपशीर्षकात जेम्सचं ऋण मान्य केलं. ओमेलास हे तिच्या सुखी शहराचं नाव ओरेगनमधल्या सेलमची पाटी उलटी वाचून सुचलेलं. तिथं तळघरात एक मूल कोंडलेलं असतं. शहरातल्या पोरांना हे आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान सांगितलं जातं. बहुतेक जण रडतात, चिडतात आणि हळूहळू रुळतात. मोजके शहर सोडून जातात.

इथवर बोलतात ते सगळे बघणारे. सोसणाऱ्याला विचारतो कोण?

लोइस लोरीच्या ‘द गिव्हर’नं (१९९३) कथा त्याच्याच बाजूनं सांगितली. समाजाच्या साऱ्या जुन्या आठवणी, वेदनांसकट, एकट्यानं बाळगायच्या, या कामावर बारा वर्षांच्या जोनसची नेमणूक होते. एके दिवशी तो चित्रफीत बघतो: त्याचे वडील जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला सुई टोचतात, कलेवर खोक्यात घालतात आणि लाडिक आवाजात त्याचा निरोप घेतात. समाजाच्या भाषेत बाळाला ‘मोकळं’ केलेलं असतं. बाप दुष्ट नाही; दुःख म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नाही. जेम्सच्या हिशेबात नुकसान एकाचंच होतं. लोरीनं दाखवलं की सुटलेल्यांचंही होतं: त्यांची सदसद्विवेकबुद्धीच बोथट होते.

म्हणून दोन्हीकडच्या जाण्यात फरक आहे. ओमेलास सोडणारे निघून गेले तरी मूल तळघरातच राहतं. जोनस मात्र ‘मोकळं’ होणार असलेल्या गॅब्रिएल या बाळाला सोबत नेतो, आणि तो दूर जाताच त्याच्याकडच्या आठवणी मागं राहिलेल्यांकडे परततात. आता प्रत्येकाला आपापला वाटा सोसावा लागणार.