आमच्या लहानपणी मैदान होतं : खेळाच्या आठवणींकडे इतिहास म्हणून पाहताना

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे आठवणींचं संमेलन आहे. विटीदांडू, लगोरी, चिंचेचं झाड, संध्याकाळी आईची हाक. ते सगळं येईलच. पण मला आज थोडं वेगळं बोलायचं आहे. 'आमच्या लहानपणी मैदान होतं' हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. ऐकतो, हसतो आणि सोडून देतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिथे थांबून तीन प्रश्न विचारावेत. मैदान कुठे होतं आणि ते मोकळं कसं राहिलं? त्यावर खेळणारे 'आम्ही' कोण? आणि हा खेळ कधी थांबला? या प्रश्नांची उत्तरं शोधली की लक्षात येतं, खेळायची जागा कधीच आपोआप नसते. कुणीतरी ती ठेवलेली असते, आणि कुणाला तरी ती नाकारलेली असते.

आधी एक शंका दूर करू. लहानपणीच्या आठवणी हा पुरावा कसा होईल? आठवण गोड होत जाते, सोयीची होत जाते, हे खरं आहे. पण खेळात अशा काही गोष्टी टिकून राहतात ज्यांचा अर्थ खेळणाऱ्यालाही ठाऊक नसतो, आणि म्हणून त्या कुणी बदलतही नाही. विटीदांडूची मोजणी आठवा. वकट, लेंड, मूंड, नाल... आपण हे शब्द ओरडत मोठे झालो. आता तेलुगू आकडे ऐका : ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. मराठी पोरं कित्येक पिढ्या द्राविडी आकड्यांत विटी मोजत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! महाराष्ट्र आणि त्याच्या दक्षिणेकडच्या मुलखातली जुनी देवाणघेवाण ताम्रपटांत सापडते, तशी ती धुळीतही सापडते. 'डबा ऐसपैस'चं तसंच. इंग्रजी 'आय स्पाय' आपल्या पोरांच्या तोंडात शिरलं आणि 'ऐसपैस' होऊन बाहेर आलं, असं मानतात. खेळ थांबवायला आपण म्हणायचो ते 'टॅम्प्लीज' म्हणजे 'टाइम प्लीज'. तेव्हा पोरांचं अंगण हे एक प्रकारचं दप्तरखाना आहे. कागद नसलेला, पण नोंदी असलेला.

आता पहिला प्रश्न. जागा कुठून आली?

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथे इंच इंच जागेचा हिशेब लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, हवा नाही, उजेड नाही, आणि माणसं पटापट मरू लागली. सरकार हादरलं. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची आणि शहर उत्तरेकडे पसरवायचं, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत या विचारातून आली. तिथल्या फाइव्ह गार्डन्सही त्याच आखणीतल्या. यात मुलांच्या खेळाचा कळवळा किती होता? फारसा नव्हता. कळवळा हवेचा होता, कारण रोगाची भीती होती. पण हवेसाठी जागा मोकळी सोडली आणि पोरांनी ती काबीज केली. याच ट्रस्टवर, जुन्या वस्त्या पाडल्या आणि गरिबांना आणखी दाटीत ढकललं, अशी टीकाही झाली, हेही लक्षात ठेवू. एका मुलाला बाग मिळाली तेव्हा दुसऱ्याचं घर गेलेलं असू शकतं.

शहर असं उत्तरेकडे सरकत असताना १९२५मध्ये महापालिकेने माहीम पार्क खुलं केलं. सुमारे अठ्ठावीस एकरांचं मैदान. १९२७मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. पुढे तिथे क्रिकेट वाढलं, मल्लखांब वाढला, सभा गाजल्या. दादरचा माणूस 'आमचं पार्क' म्हणतो तेव्हा त्यामागे महापालिकेचा एक निर्णय असतो. तिथे इमारती उभ्या राहू शकल्या असत्या. राहिल्या नाहीत, एवढंच.

आता त्याच दशकातली दुसरी जागा बघा. बीडीडी चाळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात त्या भागात कामगारांसाठी त्या बांधल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यात आई-वडील, पोरं आणि गावाहून आलेला काका. अशा घरातलं मूल जागं असताना घरात राहणार कसं? ते गॅलरीत, जिन्यात, दोन चाळींमधल्या पट्ट्यात. गोट्यांची गल, लगोरीच्या फरशा, स्टंपऐवजी भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा. गिरणगावातल्या माणसाला त्याच्या लहानपणाबद्दल विचारा, तो खोलीबद्दल फार थोडं सांगेल. त्याचं लहानपण बाहेर घडलं, कारण आत जागाच नव्हती. आपण ज्याला 'पूर्वीची मुलं कशी मोकळ्या हवेत खेळायची' असं कौतुकाने म्हणतो, त्यात ही अडचणही होती.

आणि बागा? इथे मैदान आणि बाग यांत फरक करायला हवा. भायखळ्याची राणीची बाग १८६२ची. वनस्पतींची हौस असलेल्या संस्थेच्या पुढाकाराने ती उभी राहिली. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन्स १८८०च्या सुमाराची, पाण्याच्या टाक्यांवर केलेली. या बागा मुलांसाठी नव्हत्या. झाडं पाहायची, फिरायचं, हिरवळीवर चालायचं नाही. मुलांसाठी म्हणून बाग करावी हा विचार आपल्याकडे ठळकपणे दिसतो तो स्वातंत्र्यानंतर. पुण्यात पेशवे पार्क झालं आणि १९५६मध्ये तिथे फुलराणी धावू लागली. मुंबईत कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट उभा राहिला. गंमत बघा, तो बूट एका इंग्रजी बालगीतातला. गीत न ऐकलेली लाखो मराठी मुलं त्या बुटाच्या खिडकीतून हात हलवून गेली! नव्या देशाने मुलाकडे भावी नागरिक म्हणून पाहिलं, त्याच्यासाठी छोटी आगगाडी केली, ही मोठीच गोष्ट आहे. पण आठवणींत फरक पडतो. मैदानाची आठवण 'आम्ही' या शब्दाने सुरू होते. बागेची आठवण 'बाबांनी नेलं होतं' अशी सुरू होते.

आता दुसरा प्रश्न. हे 'आम्ही' कोण?

मुलींपासून सुरू करू. आश्विनात भोंडला, मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची. श्रावणात नागपंचमीचे झोके आणि मंगळागौरीचं जागरण. फुगड्या, झिम्मा, पिंगा. आपण याला परंपरा म्हणतो आणि हौसेने मंचावर सादर करतो. पण क्षणभर विचार करा, मंगळागौर कुणाची? नव्याने लग्न झालेल्या मुलीची, पहिली पाच वर्षं. आणि ती मुलगी केवढी असायची? रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३मध्ये झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्यांना आपण 'नववधूंचे खेळ' म्हणतो ते बऱ्याच अंशी लहान मुलींचेच खेळ होते. एरवी ज्यांनी डोक्यावरचा पदर सांभाळत, मान खाली घालून वावरायचं, त्यांना धर्माच्या नावाने मिळालेली एक रात्र. भोंडल्याच्या गाण्यांत सासर-माहेर इतकं का येतं, ते मग वेगळं सांगावं लागत नाही. माहेर म्हणजे काय? जिथे खेळता येतं ती जागा.

यात बदल झाला तो हळूहळू. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहावरून बारा केलं आणि त्यावर महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं, ते आपल्याला माहीत आहे. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. कायदे तोडले गेले, चुकवले गेले. तरी बालपण काही वर्षांनी लांबलं. दुसरी जागा शाळेने दिली. १८८४मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, ती हुजुरपागा या नावाने ओळखली जाते. नावातच इतिहास आहे. ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा. जिथे घोडे बांधले जात तिथे मुली मधल्या सुट्टीत धावू लागल्या. सासरी न जाता, सणाची वाट न पाहता, रोज.

मग जातीचा प्रश्न. गावात अंगण, पार, देवळासमोरची मोकळी जागा यांच्या आठवणी आपण वाचतो. पण त्या पारावर प्रत्येक मुलाला चढता येत होतं का? पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या, तेव्हा खेळाच्या जागाही वेगळ्याच. दया पवारांचं 'बलुतं' १९७८मध्ये आलं. त्यात मुंबईतल्या कावाखान्यातलं लहानपण आहे. तिथून पुढे दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला सांगितलं की 'रम्य ते बालपण' हे सगळ्यांचं नव्हतं. एकाच गावातली, एकाच वयाची दोन माणसं समोर बसवा आणि 'गावातली मोकळी जागा कुठली?' असं विचारा. दोघं दोन वेगळे नकाशे काढतील. खरे दोन्ही.

आता तिसरा प्रश्न. खेळ कधी थांबला?

मोबाइल आला आणि पोरं घरात बसली, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण क्रम नीट बघा. गिरणगावात १९८२चा संप झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर गिरण्यांची जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. ढोबळ मानाने सांगायचं तर गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला भाग मालकाला. विचार करा, लालबाग-परळच्या पोरांना प्लेगनंतर प्रथमच एवढी मोकळी जागा मिळण्याची शक्यता होती. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, जिथे बांधकाम नव्हतं तेवढ्याच तुकड्याची करायची असं ठरलं. साहजिकच वाटणीला फार थोडी जमीन उरली. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २००५मध्ये बदलाच्या विरोधात निकाल दिला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल मान्य केला. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत, आणि टॉवरच्या पोडियमवर तिथल्या रहिवाशांच्या मुलांसाठी बाग आहे. खाली गेटवर वॉचमन आहे.

तेव्हा 'आजची मुलं खेळत नाहीत' असं म्हणण्याआधी, आपण त्यांच्यासाठी काय शिल्लक ठेवलं ते विचारू या. मुलं तीच आहेत. एक बोळ द्या, ती आजही तिथे क्रिकेट खेळतात.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. हे काम करायला इतिहासकार असण्याची गरज नाही. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा : तुम्ही कुठे खेळायचात? सोबत कोण असायचं, आणि कोण कधीच नसायचं? कितव्या वर्षी थांबलात, कुणी थांबवलं? आजीला हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. उत्तरं लिहून घ्या, जागेचा कच्चा नकाशा काढा. मग आपल्या गावाचा किंवा शहराचा विकास आराखडा बघा. त्या जागेवर आज काय दाखवलं आहे? कदाचित अजूनही 'खेळाचे मैदान' असं आरक्षण असेल आणि प्रत्यक्षात पार्किंग असेल. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा मुदत असते, आणि बहुतेक वेळा ती आपल्याला कळायच्या आत संपते. त्या मुदतीत, 'इथे आम्ही खेळत होतो, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत' असा लेखी कागद समोर ठेवणारी चार माणसं उभी राहिली, तर आठवणीचा खरा उपयोग झाला असं मी म्हणेन.

आता तुमचे प्रश्न घेऊ.