‘हा अल्बम पालकांच्या विरोधात आहे!’ ब्लॅक फ्लॅगच्या ‘डॅमेज्ड’मध्ये एवढा राग कुठून आला?

१९८१ साली अमेरिकेत एक अल्बम छापून तयार होता. तो दुकानांपर्यंत पोहोचवायचं काम एमसीए या बड्या कंपनीकडे होतं. तिथले अधिकारी अल बर्गामो यांनी अल्बम ऐकला आणि हात वर केले. त्यांचं म्हणणं होतं, हा अल्बम पालकांच्या विरोधात आहे.

बँडने काय केलं? बर्गामोंचं तेच मत स्टिकरवर छापलं, कव्हरवरच्या एमसीएच्या लोगोवर चिकटवलं आणि अल्बम विकायला काढला.

हा अल्बम म्हणजे ‘डॅमेज्ड’ आणि बँडचं नाव ब्लॅक फ्लॅग.

हार्डकोर पंक म्हणजे काय?

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक रॉक गाजलं. दशक संपता संपता कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्याचा वेग आणखी वाढवला. गाणी दीड-दोन मिनिटांवर आली, गाण्यापेक्षा ओरडणं जास्त झालं. हेच हार्डकोर.

गिटारिस्ट ग्रेग गिनने १९७६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हर्मोसा बीचला हा बँड सुरू केला. आधीचं नाव होतं पॅनिक. पुढे ब्लॅक फ्लॅग झालं. काळा झेंडा ही अराजकवाद्यांची खूण, आणि अमेरिकेत याच नावाचं कीटकनाशकही मिळतं! चार काळ्या पट्ट्यांचा प्रसिद्ध लोगो गिनचा भाऊ, चित्रकार रेमंड पेटिबॉन याने काढला.

राग नेमका कशाचा?

समुद्रकिनाऱ्यावरचं उपनगर, घर, गाडी, टीव्ही. मग चिडायचं कशाला? ‘डॅमेज्ड’मध्ये याची दोन उत्तरं सापडतात.

पहिला राग बाहेरच्या जगावर आहे. त्या काळात लॉस एंजेलिसचे पोलिस पंक शो बंद पाडायचे, पोरांना दंडुक्याने हाणायचे. ब्लॅक फ्लॅगवर तर त्यांची खास नजर होती. ‘पोलिस स्टोरी’ हे गाणं थेट यावरच आहे. ‘टीव्ही पार्टी’मध्ये बिअर घेऊन टीव्हीपुढे बसून राहणाऱ्या आपल्याच वयाच्या पोरांची टिंगल आहे.

दुसरा राग स्वतःवरचा. ‘डिप्रेशन’ या गाण्याच्या नावातच तो दिसतो. अल्बमची सुरुवात ‘राइज अबव्ह’ने होते, तिथे ‘आम्ही’ एकत्र उभे आहोत. शेवटच्या ‘डॅमेज्ड १’पर्यंत येताना मात्र एकटा ‘मी’ उरतो, कुणालाही जवळ येऊ न देणारा.

कव्हरवरही तेच आहे. गायक हेन्री रॉलिन्स आरशात दिसणाऱ्या स्वतःलाच ठोसा मारतोय. छायाचित्रकार एड कोल्व्हरने त्यासाठी आरसा हातोडीने फोडला होता. रक्तही खोटं, लाल शाई आणि कॉफीचं. रॉलिन्स तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधली आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी सोडून तो बँडमध्ये आला होता.

मग पुढे काय झालं?

एमसीएच्या नकाराचं खरं कारण पैशांचा वाद होता, असंही नंतर सांगितलं गेलं. एमसीएशी करार असलेली युनिकॉर्न ही कंपनी आणि बँड यांच्यात कोर्टकचेरी झाली. ब्लॅक फ्लॅग या नावाने नवं काही काढायला मनाई झाली. १९८२ मध्ये जुन्या रेकॉर्डिंगचा संग्रह आला, पण त्यावर बँडचं नाव नव्हतं, फक्त वादकांची नावं होती. तरी गिन आणि बास वाजवणारा चक डुकोव्स्की यांना कोर्टाच्या अवमानासाठी पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. युनिकॉर्नचं दिवाळं निघालं, तेव्हा कुठे बँड मोकळा झाला.

गिनची स्वतःची एसएसटी ही रेकॉर्ड कंपनी होती, म्हणून बँड तगला. लोगो घरचा, पोस्टर घरची, अल्बमही घरच्याच कंपनीचे. मोठ्या कंपनीने दार लावलं तर आपलं आपण काढायचं, ही वाट पुढच्या कित्येक बँडनी धरली.

या संगीताची दुसरी बाजूही आहे. शोमध्ये मारामाऱ्या व्हायच्या, गर्दी बहुतेक पोरांचीच असायची आणि मुलींना तिथे जागा मिळवणं सोपं नव्हतं. बाहेरच्यांवरचा राग अनेकदा शेजारी उभ्या असलेल्यावर निघायचा.

ऐकायचाय?

पूर्ण अल्बम साधारण ३५ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ नसेल तर पहिलं आणि शेवटचं गाणं लागोपाठ ऐका. ‘आम्ही’पासून ‘मी’पर्यंतचा प्रवास लगेच लक्षात येईल.