विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

आजचा विषय ख्रिस्ती धर्मातली 'कृपा'. देव माणसाला देताना त्याची लायकी मोजत नाही, अशी ती कल्पना. ऐकायला प्रवचन वाटेल, पण एका बाईनं ही कल्पना शब्दशः घेतली आणि केडगावात तिचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅमला वाँटेजच्या सिस्टर्सचं एक घर होतं, समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी. रमाबाईंनी सरळ विचारलं, यांची एवढी सेवा कशाला करता? उत्तर म्हणून सिस्टरनं शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. बाईचे पाच नवरे झालेले. आणि येशू विहिरीवर तिच्याकडेच पाणी मागतो.

आपल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळेंना मार बसला तो याच कोल्हापुरात. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः जाऊन चहा प्यायले. तिथंही, बघा, देणाऱ्यानं त्यांच्या हातचं घेतलं. नुसते पैसे दिले असते तर ते दान झालं असतं.

रमाबाईंनी उपासमार अंगावर काढली होती. 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेले. पुराणं सांगत तीर्थंक्षेत्रं फिरणारं घर, देवधर्मात काही कमी नव्हतं. म्हणून 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडं गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. जात विचारली नाही. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. अंध मुलींना ब्रेल शिकवायचे.

आता दुसरी बाजू. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून 1893 ला पुण्यात शारदा सदनावर गदारोळ झाला, 'केसरी'नं झोडपलं, पालकांनी मुली काढून नेल्या. हा आरोप नुसता द्वेष म्हणून उडवता येत नाही. पुढं मुक्तीत बाप्तिस्मे झालेच. जे घर पोट भरतं त्याला 'नाही' म्हणणं दुष्काळातल्या पोरीला कितपत जमणार? कृपा फुकट असेल तर नकार देणाऱ्यालाही तेवढंच ताट मिळायला हवं. मला हा प्रश्न सुटलेला नाही.

पण एक काम असं आहे जिथं माझी शंका गळून पडते. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतानं जड होतं, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जायचं. (आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच डॉक्युमेंटेशन लिहितो, ते सोडा.) रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, 'सरस्वती' पदवी मिळालेल्या. त्यांनी वय झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. छापखाना मुक्तीतच, टाइप जुळवणाऱ्या मुली तिथल्याच.

मधे 1921 ला मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं 1924 ला. त्यात शोमरोनी बाईची गोष्टही आहे, घरात बोलतात तशा मराठीत.