पुराणेतिहासाश्रित अद्भुतकथा

पुराण, दंतकथा किंवा इतिहास यांतून बीज घेऊन स्वतंत्र कल्पित जग उभे करणारी कथा-कादंबरी आणि तिचे लेखनतंत्र. पुराणकथा नव्याने सांगणे किंवा कागदपत्रांना धरून ऐतिहासिक कादंबरी लिहिणे याहून हे काम निराळे आहे. इथे मूळ कथा नव्या कथेत मुरलेली असते. ती वाचकाला आधीपासून किती ठाऊक आहे, यावर लेखकाचा पहिला निर्णय अवलंबून असतो आणि बाकीचे तंत्र त्यामागून येते.

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. त्यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीतल्या थोरिन, ड्वालिन, फिली, किली, बोंबुर या बुटक्यांची नावे ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या नामावळीतून आली. गँडाल्फ हेही त्या नामावळीत एका बुटक्याचेच नाव. सुरुवातीच्या खर्ड्यात टोल्किननी ते बुटक्यांच्या म्होरक्याला दिले होते. पुढे ते जादूगाराकडे गेले. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यात खजिन्यातला एक पेला चोरीला जातो आणि झोपलेला सर्पासुर खवळून उठतो. पेला उचलणाऱ्याला तिथे नावही नाही. ‘द हॉबिट’मध्ये नायक बिल्बो सर्पासुराच्या गुहेतून पेलाच उचलून आणतो. जुन्या काव्याने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्या जागी एक अख्खा नायक उभा राहिला. मूळ काव्ये फारशी कुणी न वाचलेली असल्यामुळे टोल्किनना ती मोकळेपणाने वापरता आली आणि वाचकाला मात्र त्या नावांमागे काहीतरी फार जुने असल्याची चाहूल लागत राहिली.

मराठी लेखकाला ही मोकळीक नाही. ययातीची गोष्ट इथल्या वाचकाने लहानपणीच ऐकलेली असते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट माहीत असतो, तरी तो उठून जात नाही. तेव्हा कथेतले नावीन्य ‘पुढे काय झाले’ यात नसून ‘कोण सांगतो आहे’ यात शोधावे लागते. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापल्या तोंडून बोलतात. महाभारतात संजीवनी मिळवून स्वर्गाकडे परतणारा कच इथे कथेत पुन्हा येतो. गिरीश कार्नाडांनी ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकात ययातीचा मुलगा पुरू याच्या बायकोला रंगभूमीवर आणले. तरुण नवऱ्याने एकाएकी बापाचे वार्धक्य पत्करले तर तिने काय करावे, हा प्रश्न महाभारताचे आदिपर्व विचारत नाही. या दोन्ही कृतींना रूढ अर्थाने अद्भुतकथा म्हणता येणार नाही. पण पुराणातली मोकळी जागा कशी हेरावी, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

चमत्काराचा नियम आणि त्याची किंमत शिकण्यासाठीही ययातीचेच आख्यान जवळ करावे. शुक्राचार्यांच्या शापाने आलेली जरा दुसऱ्याला देता येते, पण ती नाहीशी होत नाही. एकाच्या अंगावरून उतरली की दुसऱ्याच्या अंगावर चढते. म्हणून राजाला मुलांपुढे हात पसरावा लागतो. चौघे नाकारतात आणि धाकटा पुरू होकार देतो. नियम एवढासाच आहे आणि सगळे नाट्य त्यातूनच निघते. मंत्र म्हटला की संकट टळले, अशा कथेत वाचकाचा जीव गुंतत नाही.

इतिहास हाताळताना आणखी एक अडचण येते : त्यातल्या माणसांबद्दलचे रागलोभ आजही जिवंत असतात. कॅनडाचे गाय गॅव्हरिएल के यांनी ‘द लायन्स ऑफ अल-रसान’मध्ये (१९९५) मध्ययुगीन स्पेनचा ख्रिस्ती-मुस्लिम संघर्ष घेतला, पण नावे बदलली आणि आकाशात दोन चंद्र ठेवले. सूर्य, तारे आणि चंद्र यांना मानणारे तीन समाज म्हणजे ख्रिस्ती, मुस्लिम आणि यहुदी, हे वाचकाला लवकरच उमगते. तरीही नायक रोद्रिगोचे काय होणार, हे तो ज्याच्यावर बेतला त्या एल सिद या स्पॅनिश वीराचे चरित्र वाचून सांगता येत नाही. आणि खऱ्या माणसाच्या तोंडी खोटे शब्द घातल्याचा दोषही लेखकाकडे येत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची रीत आकार वाढवण्याची आहे. इ. स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली, सुमारे ११७ किमी लांबीची ब्रिटनमधली रोमन हेड्रियनची भिंत त्यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) ७०० फूट उंचीची बर्फाची भिंत झाली.

मराठीत अद्भुत आणि इतिहास हे दोन प्रवाह फार लवकर वेगळे झाले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ना. स. रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या, तर रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. नाथमाधवांनी ‘वीरधवल’ (१९१३) आणि स्वराज्यावरील कादंबऱ्या असे दोन्ही प्रकार हाताळले, पण वेगवेगळ्या पुस्तकांत. पुढे जी. ए. कुलकर्णींनी ‘इस्किलार’सारख्या कथेत नकाशावर नसलेला प्रदेश पूर्ण गांभीर्याने उभा केला. इतिहासाचे वजन असलेले कल्पित राज्य मात्र मराठीत अजून फार थोड्यांनी वसवले आहे, ही खरोखरच खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

कारण साधने हाताशी आहेत. यादवकाळाच्या धर्तीवर राज्य रचायचे तर ‘लीळाचरित्रा’त त्या काळचे जेवण, वाटा, भांडणे आणि बोलणे सापडते. त्या जगातल्या चुलीवर मिरची, बटाटा किंवा टोमॅटो येऊ शकत नाही. ही पिके अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात व त्यानंतर आपल्याकडे आली. तिखट हवे तर मिरे वाटावे लागतात. पात्र ‘पाच मिनिटे थांब’ म्हणाले की राज्य कोसळते. तिथे घटका आणि प्रहर हवेत. राज्य कल्पित असल्याने हवे ते चालेल, ही समजूत चुकीची आहे. सर्पासुर उडतो हे वाचक एका वाक्यात मान्य करतो, पण ज्या पाट्यावर मिरे वाटले तो पाटा त्याला खराच लागतो.