दुःखात परत जाताना सोबत कोण?

साल 1986, मार्च महिना. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या शिवारात तुम्ही बांधावर उभे आहात. सकाळचे दहा वाजलेत, पण ऊन आताच चटके देतंय. पंपाची वीज तोडलेली आहे आणि साहेबराव करपे यांचा गहू उभ्यानं वाळलाय. एखादी ओंबी तळहातावर चोळून बघा, फुंकर मारली की सगळं भूसच उडून जातं. साहेबराव गावाचे सरपंच राहिलेले, भजनाचा नाद असलेले गृहस्थ. लोक त्यांच्याकडं गाऱ्हाणी घेऊन यायचे. स्वतःचं गाऱ्हाणं त्यांनी कुणाकडं न्यायचं?

19 मार्चला ते पत्नी मालतीबाई आणि चार मुलांना घेऊन पवनारजवळच्या दत्तपूरला गेले. त्यांतलं कुणीही परत आलं नाही. राज्यातली पहिली जाहीर झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून या घटनेची नोंद घेतली जाते आणि आज दरवर्षी त्या तारखेला कित्येक लोक अन्नत्याग करतात. तुम्हाला इथं काहीही थांबवता येत नाही. मात्र गावातून चालताना एक गोष्ट बघून घ्या. वसुलीला येणारा माणूस आहे, वीज तोडायला येणारा आहे. मनाचं विचारायला येणारा कुणीच नाही. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू व्हायला अजून दहा वर्षं आहेत.

मनाचं विचारणारं कुणी शेजारी असलं की काय होतं, ते बघायला आता 1997 मध्ये चला. तुम्ही अमेरिकेतल्या अटलांटा शहरात खुर्चीत बसला आहात, डोक्यावर जड हेल्मेट आहे. डोळ्यांपुढं व्हिएतनामचं जंगल, खाली भातखाचरं, कानात हेलिकॉप्टरचा आवाज. छातीत धडधडायला लागतं. बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी हे आभासी जग उभं केलंय. ज्या आठवणीपासून माणूस वर्षानुवर्षं पळतो, तिच्यात त्याला थोडं थोडं परत न्यायचं. भीती किती वाटते ते मध्येमध्ये विचारायचं, आणि ती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं. असं पुनःपुन्हा केलं की शरीराला कळू लागतं, हे आठवतंय, आत्ता घडत नाहीये. सगळं लक्ष त्या यंत्राकडं जातं. तुम्ही मात्र कान शेजारी द्या. तिथं एक माणूस बसलाय, आणि तुम्ही म्हणाल त्या क्षणी तो सगळं थांबवणार आहे.

पुढं मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी आभासी जगाचा मार्ग क्वेबेकमधल्या इन्युइट लोकांसाठी धरला. राग, घालमेल, ताण अंगावर येताना ओळखायचा आणि आवरायचा कसा, हे डोळ्यांवरच्या चष्म्यात दिसणाऱ्या आभासी दृश्यांच्या मदतीनं शिकायचं. या बर्फाळ मुलुखातल्या लोकांना विसाव्या शतकात वस्त्यांमध्ये बसवलं गेलं, मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं. आज त्यांच्यातलं आत्महत्येचं प्रमाण उरलेल्या कॅनडाच्या कितीतरी पट आहे. म्हणून उपचार ठरवताना इन्युइट सल्लागारांना सोबत घेतलं गेलं. मला त्या चष्म्यापेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते.

चला, यवतमाळला परत. 2016 चा फेब्रुवारी, कळंबच्या बाजूचं एक खेडं. या वेळी तुम्ही पाहुणे नाही, घरधनी आहात. भाव वाढेल या आशेनं कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलाय. उरलेल्या जागेत पोरं झोपतात, रात्रभर अंग खाजवतात. ओट्यावर आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, येऊन बसते. आदल्या वर्षी सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला प्रेरणा प्रकल्प सुरू केलाय, तिच्या हातात त्याचा कागद आहे.

"भाऊ, राती झोप लागते का?"

"लागते ना ताई."

"मंग डोये काहून लाल हायेत?"

तुम्ही खाली बघता. ती कागद बाजूला ठेवते, वहिनीकडं पाणी मागते, तुमच्या तुरीचं विचारते, बैलाचं विचारते. मग पुन्हा झोपेवर येते. आणि तुम्ही बोलायला लागता. आधी सोसायटीच्या कर्जाचं, मग लेकीच्या लग्नाचं, मग तीन महिन्यांपासून पहाटे काय काय डोक्यात येतं त्याचं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगता. तिथून पुढं प्राथमिक आरोग्य केंद्र, लागलं तर जिल्ह्याचा समुपदेशक, औषधं. ही बाई गावातलीच, लसीकरण आणि बाळंतपणांची कामं उरकून, तुटपुंज्या मोबदल्यावर हे करते. तिच्यावर टाकलेल्या या भाराची किंमत आपण अजूनही मोजलेली नाही.

आणखी तीन वर्षं पुढं या. जानेवारी 2019, यवतमाळ शहर, 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. मांडवात तुम्ही मधल्या रांगेत आहात. उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहतात, कर्जात नवरा गमावलेल्या याच जिल्ह्यातल्या शेतकरी. आपलं वैधव्य नशिबानं नाही, व्यवस्थेनं दिलं, हे त्या ठामपणे मांडतात. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या, हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकातही त्यांनी काम केलंय. त्यात अशाच एकल बाया रंगमंचावर येतात आणि जे भोगलं तेच सगळ्यांसमोर पुन्हा उभं करतात, एकमेकींच्या साथीनं. हे नाटक म्हणजे काही दवाखान्यातला उपचार नाही. तरी अटलांटाच्या त्या खुर्चीत जे घडत होतं त्याच्या फार जवळचं काहीतरी इथं घडतं, असं मी मानतो. दुःखात परत जायचं, पण आता एकटीनं नाही.

उद्या राळेगावच्या किंवा झरी-जामणीच्या दवाखान्यात असा चष्मा येईलही. यावा. पण त्यात दिसणारं शेत इथलं असावं, आवाज वऱ्हाडी असावा, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तो कोलामीत बोलावा. कुठली दृश्यं दाखवायची ते आशाताईंना, या एकल बायांना, पोडावरच्या जाणत्यांना विचारून ठरावं. आणि चष्मा आला म्हणून ओट्यावर येऊन बसणारी बाई कमी करू नये, उलट तिला नीट पगार द्यावा. कापसाचा भाव, पाणी, कर्ज यांचं उत्तर कुठल्याच चष्म्यात मिळणार नाही, ते सरकारलाच द्यावं लागेल.

तोवर तुमच्या घरात, शेजारी, बांधाला बांध लागून कुणाचे डोळे लाल दिसले, तर विचारा. आणि विचारणारं कुणीच जवळ नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. तो 24 तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.