पाखाडी आणि चिमटा

दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो गाडीच्या टपावर सायकल बांधून. डोंगरउतारावर सोडायची, डाउनहिलची सायकल. चहा संपायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. "काका, पुढचा फोर्क बदलायचाय. यातला कुठला घेऊ?"

पुढचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या या फोर्कला आमच्या दुकानात चिमटा म्हणतात. वडिलांनी माळनाक्याजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान काढलं, तेव्हापासून मी चिमटे सरळ करतोय. मी त्याला म्हटलं, "किमती नंतर बघू. उद्या उजाडताना पाखाडीवर ये."

रत्नागिरीत चाकाची गोष्ट पाखाडीपासूनच सांगावी लागते. वर जांभ्याचा सपाट सडा, खाली खाडीकाठच्या आणि समुद्राकडच्या वाड्या. दोन्हींना जोडणारी चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्या-उन्हाला लागला की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या अशाच दगडाला लॅटराइट, म्हणजे विटेचा दगड, असं नाव दिलं. आमचे गवंडी त्याआधीपासून त्याचे चिरे काढून घरं, विहिरी आणि पाखाड्या बांधत होते.

या वाटेवरून भाताची पोती डोक्यावरून गेली, आंब्याच्या करंड्या गेल्या, आजारी माणसं डोलीतून गेली. पायरी उतरताना बसणारा धक्का ओझं वाहणाऱ्याच्या गुडघ्यांनी सोसला. आमच्या आजोबांचे गुडघे पन्नाशीतच गेले होते. पुढे चाकं आली, तरी उतार तोच राहिला. धक्का कोणी सोसायचा, एवढंच बदलत गेलं. सायकलच्या चिमट्याचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो.

पहिलं मोठं उत्तर हवेने दिलं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. त्याआधी भरीव चाकांवर बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होत. टायरमधली हवा हाच सायकलचा पहिला शॉकअप.

दुसरं उत्तर चिमट्याच्या बाकात होतं. जुनी काळी सायकल बाजूने बघा. चिमट्याचे दोन्ही पाय खाली येताना पुढे वळलेले असतात. त्या बाकामुळे खड्ड्यात पोलाद केसभर लवतं. आधी या सायकली विलायतेहून यायच्या. मग १९४९ साली मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो. वडिलांच्या दुकानातल्या बाराही सायकली देशी होत्या. प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर.

भाड्याची सायकल परत आली की वडील आधी टायर बघत नसत. चिमटा जिथे वरच्या मानेला मिळतो, तिथे मागच्या बाजूने बोट फिरवत. चिमटा मागे दबला असला की तिथल्या रंगाला सुरकुती पडते. डोळ्याला दिसण्याआधी ती बोटाला लागते. "रंग खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे ब्रेक न लावता आलेली पोरं त्यांनी अशी कितीदा पकडली.

सगळ्यात कठीण काम मिरकरवाड्यातून मासे घेऊन वाड्यावाड्यांत जाणाऱ्यांच्या सायकलींचं. मागे बर्फ-मासळीची टोपली, पुढे आणखी एक. एकेरी चिमटा महिन्याभरात वाकायचा. त्यांना वडील डबल चिमटा बसवून देत: चाकाच्या आसापासून निघून थेट हँडलच्या मानेपर्यंत जाणाऱ्या दोन जादा सळ्या. मग भार मानेच्या खालच्या टोकालाच न पडता खालीवर दोन्हीकडे वाटला जायचा. चिमटा टिकायचा. पण तो अजिबात लवायचा नाही, आणि उरलेला धक्का मनगटांत जायचा. ती माणसं संध्याकाळी दुकानात तळवे चोळत बसायची, ते मला अजून आठवतं.

त्याच वर्षांत, २१ ऑक्टोबर १९७६ला, कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळच्या डोंगरावर काही तरुणांनी उताराची शर्यत लावली. तीन किलोमीटरच्या आसपास कच्ची वाट आणि सुमारे चारशे मीटर उतार. सायकली जुन्या, जाड टायरच्या. पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्या टोळक्यातल्या जो ब्रीझने पुढच्याच वर्षी डोंगरासाठी मुद्दाम नवी सायकल घडवली. चिमटा मात्र ताठच होता. धक्का अजून मनगटांतच जात होता.

मोटरसायकलला तोवर उत्तर मिळून चाळीस वर्षं झाली होती. १९३५ सालीच बीएमडब्ल्यूने नळीत नळी सरकणारा, आत तेल असलेला चिमटा आणला होता. तो सायकलवर उतरवला पॉल टर्नरने. होंडाच्या शर्यतीच्या मोटरसायकलींवर काम केलेला हा माणूस. १९८९ मध्ये स्टीव्ह सायमन्सबरोबर त्याने रॉकशॉक्सचा पहिला चिमटा विकायला काढला. त्याची दबण्याची चाल पाच सेंटिमीटरही नव्हती. तरी पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या दुरँगोला डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने त्याच चिमट्यावर जिंकली. आज डाउनहिलच्या चिमट्याची चाल वीस सेंटिमीटर असते.

आमच्याकडे स्प्रिंगचे चिमटे आले ते स्वस्त सायकलींवर. पोरं खूश, मी नाराज. त्यात नुसती स्प्रिंग, तेल नाही. स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परत फेकते. तेल बारीक भोकातून जाताना धक्क्याची उष्णता करून टाकतं, तो कायमचा संपवतं. तेलाविना चिमटा उतारावर नाचतो, आणि चाक जमिनीवर टिकत नाही. असल्या एका चिमट्यावरून गोळपच्या उतारावर पडलेला शेजारचा मुलगा मीच दवाखान्यात नेला होता. तेव्हापासून चिमट्याबद्दल कोणी विचारलं, तर मी सहज उत्तर देत नाही.

पुतण्यालाही दिलं नाही. पहाटे पाखाडीवर वर्दळ नव्हती. त्याला सावकाश पहिल्या दहा पायऱ्या उतरायला लावलं. पाचव्या पायरीपासून चिमटा दबलेलाच राहिला. एका पायरीवरून तो पुरता वर येण्याआधी दुसरी येत होती. पाखाडीची पायरी ओझं घेतलेल्या माणसाच्या पावलाला बेतलेली असते, ठरावीक अंतराने येते. चिमट्याने त्या पावलाशी जमवून घ्यायला हवं.

घरी येऊन चिमटा उघडला. खालच्या पायांतलं तेल काळपट लाल झालेलं. जांभ्याची धूळ सीलमधून आत गेली होती, आणि सरकत्या नळीवरचा मुलामा दोन ठिकाणी घासून गेला होता. बदलणं भागच होतं. मग मी त्याला निवडीचा क्रम सांगितला.

आधी सांगाडा. तो जितक्या उंच चिमट्यासाठी बनला, तितकाच घ्यायचा. पुढून दोन सेंटिमीटर उंची वाढली, तरी सायकलची मान जवळपास एक अंश मागे कलते. मग एकेरी की दुहेरी मानेचा. दुहेरीत दोन्ही नळ्या मानेच्या खाली आणि वर, दोन ठिकाणी आवळलेल्या असतात. म्हणजे वडिलांच्या डबल चिमट्याचीच युक्ती. फरक एवढाच, की हा मनगटांवर धक्का टाकत नाही. मग हवा की पोलादी स्प्रिंग. हवेचा हलका आणि पंपाने जुळवता येणारा, स्प्रिंगचा जड पण पायरीगणिक एकसारखा वागणारा. मग वजन. भुसार दुकानाच्या काट्यावर मी त्याला हेल्मेट, गुडघ्यांची कवचं, पाण्याची पिशवी यांसकट उभं केलं. स्वार बसल्यावर चिमटा चालीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका दबावा. आणि शेवटी सील. आमच्या पावसात, खाऱ्या वाऱ्यात पन्नास तासांच्या स्वारीनंतर खालचं तेल बदलायलाच हवं. ज्याची सीलं मिळत नाहीत, तो चिमटा कितीही नामी असो, घ्यायचा नाही.

त्याने वीस सेंटिमीटर चालीचा, दुहेरी मानेचा, स्प्रिंगचा चिमटा निवडला. डिसेंबरात आम्ही तो बसवून पुन्हा पाखाडीवर गेलो. परतीचा वेग ठरवणारं बटन पूर्ण बंद केलं, मग एकेक खटका सोडत तो दहा-दहा पायऱ्या उतरत गेला. मी खाली गडग्यावर बसून पुढच्या चाकाकडे बघत होतो. आठव्या खटक्याला प्रत्येक पायरीवर चाक खाली टेकलेलं राहिलं. चिमटा दबे, वर येई, आणि मग पुढची पायरी येई.

मी वहीत लिहून ठेवलं: पाखाडी, आठ खटके. आजोबा याच पायऱ्यांवरून भात उतरवत. त्यांचं पाऊल किती अंतरावर पडत असेल, ते आता त्या आकड्यात आहे.